बांगड्यांच्या पिशवीतला अल्बम

मुंबईत मी आठ वर्षं लोकांच्या लग्नाचे फोटो पाहिले, पण लग्न एकही पाहिलं नाही. स्टुडिओत माझं काम एडिटिंगचं. दुसऱ्यांनी काढलेले फोटो माझ्या कॉम्प्युटरवर यायचे आणि मी नवऱ्यामुलाच्या गालावरचे फोड पुसायची, मागे पाण्याचा जग घेऊन उभ्या राहिलेल्या वाढप्याला गायब करायची, आभाळ निळं करायची. मालकांनी स्टुडिओ गुंडाळला तेव्हा मी रत्नागिरीला घरी आले आणि आईला सांगितलं, की आता लग्नाचे फोटो मी स्वतःच काढणार.

आई निवृत्त शिक्षिका. तिने पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नात दिवसभर उभी राहणार? मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, जेवायला तरी घालतात ना? घालतात म्हटल्यावर तिचा विरोध संपला आणि तिने पेपर पुन्हा उचलला.

साठवलेल्या पैशांत एक चांगला कॅमेरा आणि दोन लेन्स आल्या. जाहिरातीसाठी जे उरलं त्यात फारसं काही येण्यासारखं नव्हतं. पहिल्यांदा मी पत्रकं छापली आणि पेपरबरोबर घरोघर टाकायला दिली. त्या दिवशी त्याच पेपरमध्ये साड्यांच्या सेलचं आणि शिकवणीच्या क्लासचंही पत्रक होतं. संध्याकाळपर्यंत एकच फोन आला. एका बाईंना चार मुलांचे पासपोर्ट साइज फोटो घरी येऊन काढून हवे होते. मी गेले आणि काढले. धाकटं मूल चारही वेळा डोळे मिटून बसलं.

मग रीतसर परवानगी काढून नाक्यावर एक बॅनर लावला. तिसऱ्या दिवशी त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर चढला. खालून माझं फक्त ‘ग्राफी’ दिसत होतं. रस्त्यावरून जाताना मी ते आईला दाखवलं, तर ती म्हणाली, अक्षर छान आहे.

तिसरा प्रयत्न रीलचा. माझी मामेबहीण पतसंस्थेत नोकरीला आहे, हसरी आहे आणि कॅमेऱ्यासमोर अजिबात लाजत नाही. तिला आईचा लग्नातला शालू नेसवला, मुंडावळ्या बांधल्या आणि एका रविवारी सकाळी भाट्याच्या सुरुबनात नेलं. वारा इतका होता की मुंडावळ्या सारख्या तिच्या तोंडात जात होत्या. ती थू थू करत हसत सुटली आणि तेच रीलमध्ये सगळ्यात गोड आलं. आमच्या मानाने रील खूप चालली. मेसेजवर मेसेज आले. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, की मुलगी कोणाची. फोटो कोणी काढले हे एकानेही विचारलं नाही.

त्यात राजापूरच्या एका बाईंचा मेसेज होता. त्यांनी मुलीचं शिक्षण, उंची आणि गोत्र अगदी अदबीने विचारलं होतं. त्यांच्या मुलाचा काजू प्रक्रियेचा कारखाना होता. मी तो मेसेज गंमत म्हणून मामीला पाठवला. मामीने तो गंमत म्हणून घेतला नाही. दिवाळी झाली आणि साखरपुडा ठरला.

माझ्या जाहिरातीतून माझ्या बहिणीचं लग्न जमलं, तेव्हा पहिलं काम आता घरातच मिळणार असं मी धरून चालले होते. मी वाट पाहत राहिले. मामा आंबा बागायतदार, घरात त्यांचा शब्द शेवटचा. आईला म्हटलं, तू विचार ना त्यांना. ती म्हणाली, धंदा तुझा, तूच विचार. विचारायची वेळ आलीच नाही. मामा पत्रिका घेऊन आमच्याकडे आले आणि चहाचा कप हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, की कोल्हापूरच्या फोटोग्राफरला सांगून झालंय, त्यांच्याकडे ड्रोन आहे, मुलाकडच्यांचीही तीच अपेक्षा आहे.

“तू पाहुणी म्हणून ये. बहिणीच्या लग्नात काम कसलं करतेस?”

मी बरं म्हटलं आणि कप धुवायला आत गेले. तीन कप धुवायला जितका वेळ लागायला नको तितका लावला. मामा गेल्यावर आई आत आली आणि पुसायचं फडकं हातात घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, त्याला घरातल्या बायकांचं काम दिसत नाही. माझ्या शाळेलासुद्धा निवृत्त होईपर्यंत तो ‘तुझं ते’ म्हणायचा. तेवढं ऐकून मला हसू आलं आणि मग थोडं रडूही.

लग्नाच्या दोन दिवस आधी, दुपारी, मामांकडे चुडा भरायचा होता. कोल्हापूरची मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती. त्यांच्या पॅकेजात चुडा नव्हताच. कॅमेरा आणू नकोस, उगाच मामाला वाटेल की टोमणा मारतेयस, असं आईने बजावलं होतं. मी पिशवीत घालून आणला.

बांगड्या भरायला जी बाई आली, जिला सगळे काकी म्हणत, ती पन्नाशीची, सडपातळ, एसटीतून उतरून चालत आलेली. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत मापाप्रमाणे दोऱ्यात ओवून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या. बाजारपेठेत तिचं छोटं दुकान आहे, पण नवरीला भरायच्या बांगड्या ती घरी येऊनच भरते. तिने बहिणीचं मनगट एकदा बोटांत धरलं आणि माप न घेताच हिरव्या बांगड्यांचा एक जुडगा सोडला. मग हाताला साबण लावून, पंजा दाबत दाबत, एकेक बांगडी चढवायला लागली. हात दुखतोय हे नवरीच्या लक्षात येऊ नये म्हणून सारखी बोलत होती. सासर कुठलं, घरात माणसं किती, विहीर जवळ आहे की नळ. मध्येच एक बांगडी तडकली. घरातली एक मुलगी ‘फुटली’ म्हणाली, तर काकीने लगेच ‘वाढली म्हणावं’ असं सांगून दुसरी चढवली.

मी खिडकीपाशी बसून फोटो काढत होते. खिडकीतून आलेल्या उजेडात काकीची बोटं, त्यावरच्या बारीक चिरांचे व्रण, बहिणीचे साबणाने चकचकणारे हात, आणि स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून थांबलेली मामी. चहा निवत होता आणि मामीला आत यायचं सुचत नव्हतं. आठ वर्षांत हजारो फोटो माझ्या हाताखालून गेले, त्यात चुडा भरतानाचे बहुधा पाचदहासुद्धा नसतील.

काकीने मान वर केली. “कोणाचे काढतेस गो बाय, तिचे की माझे?”

दोघींचे, मी म्हटलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दाखवले. तिने पदराने हात पुसले, चष्मा लावला आणि एका फोटोवर बराच वेळ थांबली.

“हे हात माझेच काय?” ती म्हणाली. “तीस वर्षं बांगड्या भरतंय. नवऱ्या नंतर अल्बम दाखवतात मला. त्यात कधी माझं बोटसुद्धा दिसलं नाही.”

मी तिला प्रिंट देईन म्हटलं. लग्न झकास झालं. कोल्हापूरची मुलं मेहनती होती, हे मान्य करायला हवं. मी पाहुणी म्हणून गेले, जिलेबी दोनदा घेतली आणि जन्मात पहिल्यांदा एक लग्न कडेपासून कडेपर्यंत बघितलं.

प्रिंट काढून घेताना लॅबवाल्याने एक लहानसा अल्बम फुकट दिला. त्यात चुड्याचे चोवीस फोटो बसले. शेवटच्या पानाच्या मागे, जरा लाजतच, मी माझं कार्ड खोचलं आणि अल्बम काकीच्या दुकानात नेऊन दिला. दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसली की भरणारी जागा. तिने गिऱ्हाईक थांबवून ठेवलं आणि एकेक पान उलटलं. शेवटी कार्ड दिसलं तेव्हा हे कशाला म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. कुणी फोटो बघून विचारलं तर तुमच्याकडे असावं म्हणून.

तिने कार्ड मागून काढलं आणि पहिल्या पानावर खोचलं. “मागे लावलंस तर बघणार कोण? मी बांगड्या काय पिशवीच्या तळाला ठेवते?”

तिथून माझ्या धंद्याची सूत्रं काकीच्या हातात गेली. जिथे ती चुडा भरायला जाईल तिथे, घरच्यांची हरकत नसेल तर, मी जायचं, थोडे फोटो काढायचे आणि त्याच दिवशी त्यांच्या फोनवर पाठवायचे, फुकट. बदल्यात तिच्या सगळ्या बांगड्यांचे नीट फोटो मी काढून द्यायचे, म्हणजे ती ते व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवू शकेल. आणखी एक फायदा तिने आपणहून घेतला. एसटी सोडून ती माझ्या स्कूटरवर बसायला लागली. आमच्या दोघींच्या मध्ये बांगड्यांची पिशवी. चढावर, खड्ड्यात, वळणावर तिचं एकच पालुपद असायचं, हळू गो. तिला स्वतःची काळजी नव्हती, मालाची होती.

कुठल्या घरी कसं वागायचं हे ती वाटेतच सांगून ठेवायची. या घरात कार्ड काढू नको, बाप तापट आहे, आधी फोटो पाठव, मग आई विचारील. त्या घरात नवरीच्या आजीला पहिली खुर्ची दे आणि तिचाच पहिला फोटो काढ. आत शिरताना ती माझी ओळख ‘ही माझी फोटोवाली’ अशी करून द्यायची, आणि मला ती मुंबईच्या स्टुडिओतल्या हुद्द्यापेक्षा जास्त आवडायची. नवरीचा हात तिच्या हातात असतानाच घरातल्या बायका तिने पिशवीतून आणलेला तो छोटा अल्बम बघायच्या. साबणाच्या हातांनी त्याची पानं फुगली. लोक कौतुक करायचे, पोहे खायला घालायचे, आणि लग्नाला आमचा फोटोग्राफर ठरलाय असं सांगायचे. दोन महिने असेच गेले.

एप्रिलमध्ये मामा आमच्याकडे आले. गाडीतून एक जड खोका काढून त्यांनी टेबलावर ठेवला. बहिणीच्या लग्नाचा अल्बम आला होता. मामी बरोबर होती आणि तिचा चेहरा उतरला होता. अल्बम उघडल्यावर मला कारण कळलं. सगळ्या फोटोंना एक मंद, तपकिरी झाक दिलेली होती आणि त्यात हिरवा रंग पार गेला होता. केळीचे खांब, आंब्याची पानं आणि चुडासुद्धा वाळक्या पानांच्या रंगाचा.

“हिरवा चुडा गेला कुठे?” मामी म्हणाली. “तिच्या सासरी दाखवू कसा मी हा?”

फोटोग्राफरला दोष देणं सोपं होतं आणि क्षणभर मला ते करावंसंही वाटलं. पण ती झाक माझ्या चांगल्या ओळखीची होती. सध्या तशीच फॅशन आहे. मुंबईत मी स्वतः कितीतरी लग्नांना ती दिली होती आणि जो हिरवा आपण घालवतोय तो कशाचा आहे, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी तसं मामांना सांगितलंही. ते म्हणाले, ते असू दे, नीट होईल काय ते सांग.

कोल्हापूरला फोन केला. ते गृहस्थ सभ्य निघाले. सगळ्यांना हाच रंग आवडतो हो ताई, असं म्हणाले, पण मूळ फायली लगेच पाठवल्या. मी आठ दिवस बसून एकेका फोटोत हिरवा परत आणला. नवा अल्बम केला तेव्हा मामीने माझे चुड्याचे फोटो पहिल्या पानांवर घालायला लावले. मामांनी अल्बम शेवटपर्यंत पाहिला, बंद केला आणि बागेत गेले. शाबासकी वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, कार्डं किती आहेत तुझ्याकडे? होती ती सगळी मी पाठवली. आंब्याचा हंगाम चालू होता. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पेटीत, वरच्या पेंढ्यावर, त्यांनी एकेक कार्ड ठेवायला लावलं. मला हे कार्डं संपल्यावर कळलं.

पहिलं काम आलं ते पालीजवळच्या एका वाडीतून, आणि ते दोन्ही बाजूंनी एकदमच आलं. नवरीच्या आईने गावात काकीच्या पिशवीतला अल्बम बघितला होता. वडील मुंबईत एका कारखान्यात फिटर. त्यांच्या साहेबांच्या घरी आंब्याची पेटी आली होती आणि त्यातलं कार्ड साहेबांनी त्यांना दिलं होतं. दोघांनी एकमेकांना फोनवर सांगितलं, की आपल्याला एक चांगली फोटोग्राफर सापडली आहे, आणि ती एकच आहे हे कळायला त्यांना चार दिवस लागले. वडिलांनी मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, मॅडम, तुम्ही एकट्याच? व्हिडिओसाठी एक ओळखीचे गृहस्थ बरोबर असतील म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

लग्न मे महिन्यात, घरच्या अंगणात. आदल्या दिवशी हळदीला पोचल्यावर मी कॅमेऱ्याची बॅटरी दोनदा तपासली. काकीही आमंत्रणावरून आली होती. बायकांनी मला आत-बाहेर कुठेच अडवलं नाही. नवरी तयार होत होती त्या खोलीत मी सहज बसू शकले, हा एक फायदा मी कुठल्याच पत्रकात छापला नव्हता.

अडचण झाली ती नवरीच्या वडिलांची. ठेंगणे, दणकट, नवा कोरा शर्ट घातलेले. कॅमेरा त्यांच्याकडे वळला की ते निघून जात. मांडवाच्या खांबामागे, पाण्याच्या पिंपाकडे, जेवणाच्या पंक्तीत. हळदीच्या एकाही फोटोत ते नव्हते. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, घरच्यांच्या फोटोसाठी सगळे उभे राहिले, आणि वडील पुन्हा नाहीत. नवरीने दोनदा हाक मारली. ते मागच्या दारी भाताच्या टोपावर झाकण ठेवताना सापडले, आले, एका टोकाला ताठ उभे राहिले आणि फोटो निघाल्या निघाल्या परत गेले. नवरीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून तिला काय हवं होतं ते मला समजलं. तिचे वडील वर्षातून दोनदा घरी येत, आणि त्या दोघांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता.

मी काकीला जाऊन सांगितलं. ती जेवत होती. “त्याला उभा करू नको,” ती म्हणाली, “कामाला लाव.”

माझ्याकडे घडीचा एक गोल पडदा असतो, एका बाजूने चंदेरी. उन्हाचा उजेड त्यावरून माणसाच्या चेहऱ्यावर पाडता येतो. मी वडिलांकडे गेले आणि म्हटलं, नवरीचे एकटीचे फोटो काढायचेत, हा धरायला माणूस नाही, तुम्ही धराल का? ते लगेच आले. कसं धरायचं हे एकदा विचारून घेतलं आणि कारखान्यात यंत्र लावावं तसे पाय रोवून उभे राहिले.

“ताई, बरोबर धरलाय काय?”

थोडा वर घ्या, मी म्हटलं. त्यांनी घेतला. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला.

“आता पडतोय काय हो तोंडावर?”

पडत होता. ते बघत राहिले. नवरीने त्यांच्याकडे पाहिलं, तर शर्टाच्या खिशाखाली मापाचा चिकट कागद तसाच होता. ती पुढे झाली आणि हिरव्या बांगड्यांच्या हाताने तो हळूच सोलून काढायला लागली. तो सहज निघेना. वडिलांचे दोन्ही हात पडद्यात अडकलेले, त्यामुळे त्यांना कुठे जाताही येईना. ते मान खाली घालून तिच्या बोटांकडे बघत होते आणि पडदा कलल्यामुळे चंदेरी उजेड आता दोघांच्या अंगावर पडला होता. मी एका बाजूला सरकले आणि न बोलता सात-आठ फोटो काढले. मी काढतेय हे त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

पाठवणीनंतर काकीला स्कूटरवरून घरी सोडताना मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, हळू गो.

अल्बम पाठवून आठवडा झाला आणि वडिलांचा मुंबईहून फोन आला. अल्बम छान आहे, बायकोला आवडला, व्याह्यांनाही आवडला, असं सगळं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं,

“तो पडद्याचा फोटो मोठा करून मिळेल काय? माझा म्हणून नको. त्यात ती आहे म्हणून.”

मी मोठा करून पाठवला. तो त्यांनी कुठे लावला ते मला माहीत नाही. पण पुढच्या दोन महिन्यांत त्यांच्याच वाडीतल्या, मुंबईत नोकरीला असलेल्या दोघांचे फोन आले आणि दोघांनीही बोलताना त्यांचा उल्लेख केला.

पावसाळ्यात लग्नं नसतात. मी घराच्या पुढच्या खोलीत टेबल लावलं, दारावर छोटीशी पाटी लावली आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांसाठी येणारे फोन घ्यायला लागले. मागच्या आठवड्यात सावर्ड्याहून एका मुलीने स्वतःच फोन केला. तारीख, ठिकाण, माणसं किती, हे सांगितलं. दर विचारला नाही. आधी दुसरंच विचारलं.

“मी सावळी आहे. फोटोत मला गोरी नाही ना करणार?”

मी नाही म्हटलं. मग या, असं म्हणून तिने पत्ता सांगायला सुरुवात केली, आणि मी वहीत हायवेवरून कुठल्या फाट्याला आत वळायचं ते लिहून घेऊ लागले.